मेंदीआड गेलेली मिसळ

"सर, मिसळीला काय झालंय ते एकदा बघून जावा," असा दादांचा फोन आला. मला वाटलं, चव घ्यायला बोलावतायत, म्हणून सकाळी नुसत्या चहावर निघालो. गेलो तर टेबलावर हिशेबाच्या वह्यांची चळत आणि मिसळीचा पत्ता नाही.

जोतिबा करून पन्हाळ्याकडे वळणाऱ्यांच्या वाटेवर दादांची पोरांच्या खेळांची बाग आहे. नाव द्यायचं नाही ही त्यांची अट. उसाचा चार एकरांचा तुकडा मोडून 1996 साली त्यांनी ती उभी केली. त्याआधी पोरांच्या सहलीबरोबर ते गोराईचं एस्सेलवर्ल्ड बघून आले होते. 1989 ला सुरू झालेलं ते पार्क तेव्हा नवंनवं होतं, खाडी ओलांडून बोटीनं जायचं, आणि दादांना तिथल्या पाळण्यांपेक्षा ती बोटच जास्त आवडली. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, ऊस बास.

बागेचं गिऱ्हाईक रविवारचं, कारण रविवार जोतिबाचा. माघातले खेट्यांचे, म्हणजे डोंगरावर नेमानं पायी जायचे रविवार तर विचारूच नका. माणसं डोंगरावरून उतरतात ती केसांपासून टाचेपर्यंत गुलालात. बागेतल्या बाकांना मुळात कुठला रंग दिला होता ते आता दादांनाही सांगता येत नाही.

मला बोलावण्याचं कारण असं. दादांचा मुलगा पुण्यात शिकून परत आलाय आणि त्याला बागेत चष्मा लावून हलत्या खुर्चीत बसायचा तो व्हीआरचा खेळ आणायचाय. जागा त्यानं हेरून ठेवलेली, मिसळीच्या गाड्याची. गाडा म्हणायचा, पण आता तो पत्र्याचं छप्पर आणि कडप्प्याचा कट्टा असलेला पक्का स्टॉल आहे. मुलाचा हिशेब सरळ होता: मिसळ खपत नाही, जागा मोक्याची आहे, मिसळ काढा. दादांचं मन होत नव्हतं. तो स्टॉल चालवणारे मामा बागेइतकेच जुने.

"मामांचा हात बिघडला असेल तर तसं सांगा," दादा म्हणाले. "नसेल बिघडला तर ते पण सांगा."

माझा धंदा हिशेबाचा. पाळणे, झोके, पार्क यातलं मला शास्त्र म्हणून काही येत नाही. पण जगातल्या जुन्या थीम पार्कांमध्ये कुठल्या जागेवर आधी काय होतं, नंतर काय आलं, कुठलं हॉटेल कशाच्या शेजारी होतं, हे वाचत बसायचा एक नाद मला आहे. बायको त्याला रिकामा उद्योग म्हणते. या प्रकरणात तो पहिल्यांदा कामी आला.

महापुराचं सोयीचं उत्तर

बागेत सगळ्यांकडे एकच उत्तर तयार होतं: आधी महापूर, मग कोरोना. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा शहरात शिरली, महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला, कोल्हापूर काही दिवस बेट होऊन बसलं. त्यातून सावरतोय तोवर मार्च 2020. जुलै 2021 ला परत पूर. कुठल्याही धंद्याच्या तोट्याला कोल्हापुरात या तीन तारखा पुरतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही पहिल्या दिवशी तेच लिहून मोकळा होणार होतो.

अडचण एवढीच होती की मिसळीचा वेगळा हिशेब कुठेच नव्हता. "खाणं" म्हणून एकच रकाना, त्यात मिसळ, भजी, चहा, आईस्क्रीम, थंड बाटल्या सगळं एकत्र. आईस्क्रीम वाढलं की मिसळीची घसरण त्याखाली झाकली जायची. त्या रकान्याकडे बघून कुणालाच काही कळलं नसतं.

तोड मामींनी काढली. मामी म्हणजे मामांच्या मंडळी. स्टॉलशेजारी खेळण्यांचं छोटं दुकान त्या बघतात. त्या म्हणाल्या, "बेकरीची वही बघा की." कोल्हापुरात मिसळ ब्रेडबरोबर खातात. कट, म्हणजे मिसळीवरचा झणझणीत रस्सा, कितीही वाढून घ्या, तो फुकट; पण ब्रेड मोजून लागतो. बेकरीवाला दर रविवारी पहाटे किती पुडे टाकून गेला ते मामांच्या सहीनं एका लाल वहीत लिहिलेलं, वर्षानुवर्षं. तेलाचे डाग, मध्येच कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराचा हिशेब, पण रविवार एकही चुकलेला नाही.

ती वही घेऊन मी दोन संध्याकाळी बसलो. 2016 मध्ये रविवारचे 40 पुडे, खेट्यांत 55 पर्यंत. 2018 मध्ये 26. पुराच्या आधीचा 2019 चा जुलै, 24. आणि सगळं आवरून बाग पुन्हा सुरळीत झाल्यावर, 2022 आणि 2023 मध्ये, तेच 24-25. म्हणजे महापुरानं आणि कोरोनानं बाग बंद ठेवली, तोटा केला, ते सगळं खरं. पण मिसळ त्यांच्या आधीच बसली होती आणि त्यांच्यानंतरही त्याच पायरीवर बसून राहिली.

मग फाटकावरची तिकीटबुकं काढली. 2018 मध्ये माणसं वाढलेली होती! 2017 च्या उन्हाळ्यानंतर बागेत ट्रॅम्पोलिन आलं आणि पोरांनी ते डोक्यावर घेतलं. गर्दी वाढली आणि मिसळ घटली, एकाच वर्षात. मामांचा हात त्याच वर्षी नेमका बिघडावा हा फारच योगायोग झाला असता. तरी खात्री म्हणून खाऊन बघितली, दोन वेळा. हात जागेवर होता. मध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून 2019 मध्ये तिखट कमी केलं होतं आणि फलकावर चायनीजही चढवलं होतं. मामांनी सहा महिन्यांत दोन्ही उतरवलं. तिखट कमी केलेली मिसळ म्हणजे आमटी, असं त्यांचं मत, आणि त्यात मला बदल सुचवण्यासारखं काही दिसत नाही.

आधी तिथे काय होतं

ट्रॅम्पोलिन जिथे आलं तिथे आधी काय होतं, हा प्रश्न मी विचारला तेव्हा मुलगा म्हणाला, "काही नाही, लॉन." अण्णा म्हणाले, "काय नाही कसं? गाडी व्हती की!"

अण्णा आता फाटकावर बसतात. त्याआधी एकोणीस वर्षं ते ड्रायव्हर होते, झुकझुक गाडीचे. पुण्याला पेशवे पार्कात 1956 पासून फुलराणी धावते, तिचा फोटो दाखवून दादांनी 1998 मध्ये उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडून गाडी बनवून घेतली. इंजिन कोल्हापुरीच, डिझेलचं, शेतात पाणी उपसायला वापरतात त्या जातीचं, वरून निळ्या पत्र्याची टोपी. चार डबे. लॉनला वळसा घालून गाडी मिसळीच्या स्टॉलसमोर थांबायची. तिथे सिमेंटचा फलाट होता, त्यावर पाटी होती: "जोतिबा रोड". आजही आहे, फक्त तिच्यावर चपला ठेवतात.

2017 च्या मे महिन्यानंतर गाडी काढली. गिअरबॉक्स दर पंधरा दिवसांनी बसायचा, सुटे भाग मिळेनात, आणि मुलाच्या शब्दांत ती "जुनाट दिसत होती". रूळ भंगारात वजनावर गेले. इंजिन गोठ्यामागे पडून आहे, त्यात आता कोंबड्या बसतात.

इथे मला माझ्या नादातली एक गोष्ट आठवली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम गावी संत्र्यांच्या बागा तोडून वॉल्ट डिस्नेंनी 17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं. तिथे 1967 मध्ये पीपलमूव्हर नावाची एक संथ गाडी सुरू झाली. उंचावरच्या रुळावरून सोळा मिनिटं नुसतं फिरवायची; खाली काय काय आहे ते दिसायचं, पाय मोकळे व्हायचे, मग माणसं उतरून त्यातलं काहीतरी बघायला जायची. 1995 मध्ये ती बंद केली, कारण तीच: जुनाट. 1998 मध्ये त्याच रुळावर रॉकेट रॉड्स नावाच्या वेगवान गाड्या आणल्या. सोळा मिनिटांची फेरी तीन मिनिटांत. पण रूळ संथ गाडीचा, वळणं आतल्या बाजूला कललेली नाहीत. प्रत्येक वळणाला वेग मारायचा, सरळ आलं की परत पळवायचं. टायर झिजले, यंत्रणा सारखी अडकू लागली, 2000 च्या सप्टेंबरात बंद पडली ती कायमची. रूळ मात्र अजून डोक्यावर तसाच उभा आहे.

दादांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मंजे नवा बैल जुन्या जुवाला." त्यांच्या बागेचं तसं झालं नव्हतं, कारण रूळ तर भंगारात गेले होते. पण जुन्या गाडीचं काहीतरी मागे उरलंय आणि ते आजही धंदा चालवतंय किंवा अडवतंय, हा संशय माझ्या डोक्यात तिथून शिरला.

अशी उरलेली हाडं पार्कांमध्ये जागोजाग असतात. डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवर सुरुवातीला दुकानं बाहेरच्या व्यापाऱ्यांना भाड्यानं दिलेली होती, आणि त्यात एक दुकान चक्क बायकांच्या अंतर्वस्त्रांचं होतं. लहान मुलांच्या पार्कात! सहा महिन्यांत त्यानं गाशा गुंडाळला. पण त्या दुकानाला पुढे एक ओसरी होती, तशी त्या रस्त्यावर दुसऱ्या कुठल्याच दुकानाला नाही. ओसरी तशीच राहिली. दमलेली माणसं तिथे टेकतात, का टेकतात ते त्यांना माहीत नसतं. दुसरं उदाहरण टिकी रूमचं. 1963 मध्ये उघडलेला हा यांत्रिक पक्ष्यांच्या गाण्याचा खेळ मुळात खाणावळ म्हणून आखला होता: लोक जेवतील आणि वर पक्षी गातील. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गाणी ऐकत बसलेली माणसं ताटावरून उठणारच नाहीत आणि बाहेर रांग ताटकळेल. खाणावळ रद्द, नुसता खेळ ठेवला. पण मधोमधचं कारंजं मुळात कॉफीची सोय ठेवायची जागा होती, आणि त्या इमारतीला स्वतःचं स्वच्छतागृह आहे, जे खेळाच्या इमारतींना सहसा नसतं. खाणावळीची खूण.

कुणी म्हणेल, मिसळीच्या प्रकरणात कॅलिफोर्निया कशाला? कारण आपल्याकडे असल्या नोंदी कुणी ठेवत नाही. दिल्लीचं अप्पू घर 1984 ला सुरू झालं आणि 2008 ला बंद. त्यात कुठल्या पाळण्याशेजारी कुठली कँटीन होती हे आज शोधायला बसा. कणेरी मठाच्या संग्रहालयात सिमेंटच्या मूर्तींमधून बलुतेदारांचं अख्खं गाव जपलंय, कुंभार-लोहार-न्हावी कुठे बसायचे ते नातवंडांना दाखवता येतं. पण वीस वर्षांपूर्वीच्या बागेत भजीवाला कुठे बसायचा ते कुणी सांगेना.

फोटो

वह्यांमधून केव्हा ते कळलं होतं, का ते कळत नव्हतं. गाडी गेली म्हणून माणसं मिसळ खायची थांबली? का बरं? गाडीत बसून तर कुणी खात नव्हतं.

अण्णांनी एक कारण दिलं आणि ते अर्धं बरोबर होतं. गाडीला रांग लागायची. बाप पोरांना घेऊन फलाटावर रांगेत उभा, आई समोर बाकावर मिसळ सांगून बसलेली. गाडीची फेरी झाली की सगळे तिथेच उतरायचे, कटाचा वास तिथेच, पोरगं म्हणायचं भूक लागली. रांग आणि पोट एका जागी.

ही गोष्ट जुनी आहे. कॅलिफोर्नियातच ब्युएना पार्कला नॉट नावाच्या कुटुंबाची बेरीची शेती होती, रस्त्याकडेला टपरी टाकून ते बेरी आणि जॅम विकायचे. 1934 च्या मंदीत घरच्या बाई, कॉर्डेलिया, यांनी चिकनचं जेवण सुरू केलं, पासष्ट सेंटला, स्वतःच्या लग्नात आलेल्या चिनी मातीच्या ताटांतून. पहिल्या संध्याकाळी आठ माणसं जेवली. पुढे इतकी गर्दी झाली की लोक तासन्‌तास ताटकळायचे. थांबलेल्यांना करमावं म्हणून वॉल्टर नॉट यांनी 1940 पासून जुन्या खाणगावाच्या धर्तीवर लाकडी घरं आणून एक भुताचं गाव उभं केलं. आजचं नॉट्स बेरी फार्म ते हेच. तिथे कुंपण घालून प्रवेशाचे पैसे घ्यायला 1968 उजाडलं. चिकन आधी, पार्क नंतर. आपल्या जत्रेतला पाळणेवाला आणि भजीवाला एकमेकांना धरून जागा घेतात ते याच न्यायानं. खासबागेत 1912 चं कुस्तीचं मैदान, त्याला खेटून 1915 चं नाट्यगृह (2024 मध्ये आगीत जळालं ते), आणि त्या दोघांच्या गर्दीवर पोसलेल्या भेळेच्या गाड्या. कोल्हापूरकराला हे कुणी शिकवायला नको.

पण अण्णांचं कारण अर्धंच होतं, कारण ट्रॅम्पोलिन काही लांब गेलं नव्हतं. ते गाडीच्या वळशाच्या आतच, त्याच लॉनवर आहे. स्टॉलपासून तीस पावलं. तिथेही रांग लागते. मग आया पूर्वीसारख्या बाकावर का बसत नाहीत?

एका रविवारी मी स्वतः स्टॉलसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. मिसळ सांगितली. पोरांचा कालवा ऐकू येत होता, स्प्रिंगांचा कर्रकर्र आवाज येत होता, कुणीतरी कुणाच्या पायावर पडल्याचं भोकाडही आलं. दिसत काही नव्हतं. समोर मेंदी होती. माझ्यापेक्षा वीतभर उंच, दाट, हिरवीगार, लॉनच्या कडेनं गोल.

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे कबूल करतो. मला ती मेंदी छान वाटली. सावलीला बरी आहे, असंही मी मामांना म्हणालो.

प्रकाश पाडला तो एका निवृत्त बाईंच्या अल्बमनं. दर वर्षी शाळेची सहल घेऊन त्या बागेत यायच्या. दादांनी त्यांना निरोप पाठवला तर त्या स्वतःच प्लॅस्टिकच्या पिशवीत अल्बम घेऊन आल्या. त्यात 2004 च्या डिसेंबरचा एक फोटो. पुढे निळं इंजिन, त्यावर कोपर टेकून अण्णा, काळ्या मिशांचे. मागे स्टॉल, बाकावर चार बायका, हातात वाट्या. आणि मध्ये रुळाच्या कडेनं गेलेली मेंदी. गुडघ्याएवढी.

"अण्णा, ही मेंदी एवढीशीच होती?"

"मग? दर मंगळवारी कात्री मारायचो. वाढली तर पोरगं रुळावर आलेलं मला दिसाय नको व्हय?"

मेंदी 1999 मध्ये लावली ती पोरं रुळावर धावू नयेत म्हणून, आणि ती बुटकी ठेवली ती ड्रायव्हरला पलीकडचं दिसावं म्हणून. गाडी गेली, रूळ गेले, अण्णा फाटकावर गेले, आणि त्यांच्याबरोबर मंगळवारची कात्रीही गेली. कुणी ठरवून काही केलं नाही. माळ्याच्या कामाच्या यादीत मेंदी कधी नव्हतीच, कारण ती ड्रायव्हरच्या कामात होती. वर्षभरात ती छातीला आली, दोन वर्षांत डोक्यावर.

आता आईचा विचार करा. पोरगं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारतंय, खाली पडलं तर हात मोडायची भीती. ते डोळ्यासमोर दिसत असेल तर ती बाकावर बसून मिसळ खाईल, एक डोळा तिकडे ठेवून. दिसत नसेल तर ती मेंदीच्या आत, पोराच्या चपला हातात धरून उभी राहील. वेळ संपली की पोरगं घामाघूम, त्याला मिसळ नको, गार हवं, आणि आईस्क्रीम फाटकाशी. तिथून घर. खाण्याच्या त्या एकाच रकान्यात आईस्क्रीमनं मिसळ कशी झाकली होती, तेही यातून उलगडलं.

काय केलं

मुलानं आधी ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "सर, एवढ्याशा कुंपणानं?" त्याचा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे पुरावा म्हणून एक लाल वही, एक फोटो आणि अण्णांची आठवण एवढंच होतं. पण तपासायला खर्च शून्य. व्हीआरच्या खुर्च्यांचं दरपत्रक टेबलावर पडलेलं होतं, त्याच्या शेजारी अण्णांनी कात्री आणून ठेवली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यांनी दुपारभर बसून मेंदी गुडघ्यावर आणली. वार त्यांनीच निवडला. कापलेली मेंदी मामींनी आणि शेजारच्या मळ्यातल्या बायकांनी पोती भरून नेली, त्यामुळे पुढचा आठवडाभर वस्तीवरच्या सगळ्या बायकांचे हात लाल.

पुढच्या रविवारी बेकरीकडून नेहमीचे 25 पुडे आले आणि साडेअकराला ब्रेड संपला. मामांनी घाबरून पोराला मोटारसायकलवरून पिटाळलं. नंतरचे चार रविवार मी वही बघत होतो: 31, 33, 36, 34. मी मुद्दाम दादांना सांगितलं की यातले दोन रविवार खेट्यांचे आहेत, फार हुरळू नका. एप्रिल-मेमध्ये आकडा 32 च्या आसपास स्थिरावला. 2016 चे 40 परत आले नाहीत.

ते का आले नाहीत यावर माझं आणि दादांचं एकमत नाही. ते म्हणतात, आता रस्त्याला मिसळीची हॉटेलं जास्त झालीत. तेही असेल. मला वाटतं, गाडीनं जे काम केलं ते ट्रॅम्पोलिन करूच शकत नाही. गाडीत अख्खं घर बसायचं, आजीसुद्धा. ट्रॅम्पोलिनवर फक्त पोरं. आजी आता बागेत येते, पण तिच्यासाठी तिथे काही नाही, म्हणून ती लवकर निघूया म्हणते, आणि घरात आजी निघूया म्हणाली की सगळे निघतात. डिस्नेलँडच्या टुमॉरोलँड भागात पीपलमूव्हर परत आणा म्हणून लोक अजून म्हणतात, त्यातही मला तीच आजी दिसते.

व्हीआरच्या जागेचं काय? मिसळ हलवायची नाही एवढं ठरलं. मुलाला मी विरोध केलेला नाही, कारण पार्क एका जागी थांबून चालत नाही हेही तितकंच खरं. डिस्नेलँडमध्ये एक गोल नाट्यगृह आहे, फिरतं म्हणून बांधलेलं. 1967 मध्ये त्यात प्रगतीच्या गोष्टी सांगणारा खेळ होता, 1974 पासून गाणारे यांत्रिक प्राणी, 1998 ते 2015 नव्या तंत्रज्ञानाचं प्रदर्शन. प्राण्यांचा खेळ 1988 मध्ये बंद झाला तेव्हा त्यातले बरेच प्राणी टाकून न देता पुढच्या वर्षीच्या पाण्याच्या घसरगुंडीत बसवले. जुनं काय आहे, कुठे आहे आणि ते कशाकशाला जोडलेलं आहे हे माहीत असेल तरच असं करता येतं. म्हणून मुलाला मी एकच काम लावलं: नवीन खेळ जिथे घालायचा तिथे आधी काय होतं, ते कुणाच्या कामात होतं, आणि ते गेल्यावर कुणाचं काम गेलं, हे अण्णा-मामांना विचारून लिहून काढ. त्यानं वही घातलीय. पहिल्या पानावर गाडी आहे. दुसऱ्यावर बदकांचं तळं, जे मलाही माहीत नव्हतं. त्याच्या बुजवलेल्या कडेवरच आज स्वच्छतागृह आहे आणि पावसाळ्यात तिथे पाणी का तुंबतं याचं उत्तर सगळ्यांना एकदम मिळालं.

एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. मामींच्या दुकानात माळ्यावर एक खोकं होतं, लक्ष्मीपुरीतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या शिट्ट्यांचं. गाडी सुटताना अण्णा शिट्टी वाजवायचे, म्हणून पोरांना शिट्टी हवी असायची. गाडी गेल्यावर एकही खपली नाही आणि खोकं सात वर्षं माळ्यावर राहिलं. मेंदी कापल्यावर ट्रॅम्पोलिन सांभाळणाऱ्या पोरानं तक्रार केली की वेळ संपली म्हणून ओरडून घसा बसतो. मामींनी खोक्यातली एक शिट्टी धुऊन त्याला दिली. त्या रविवारी अकरा शिट्ट्या विकल्या गेल्या. मे संपेपर्यंत खोकं रिकामं झालं, मामींनी दुसरं आणलं, आणि आता मामांची तक्रार अशी की दिवसभर त्या शिट्ट्यांनी डोकं उठतं.